आधी पत्रा उघडा, मग आकडा लिहा

भारतीय नौदलाच्या विमानवाहू नौका विक्रमादित्यच्या फ्लाइट डेकवरून नाळेच्या दिशेने चालत गेलं की पायांखालचं पोलाद चढू लागतं. चौदा अंशांच्या याच चढावरून मिग-२९के आभाळात झेपावतं. मूळ नौकेवर या जागेत बझाल्ट क्षेपणास्त्रांच्या बारा नळ्या होत्या, सोबत तोफा. ही नौका जन्मली ती क्रूझर म्हणून.

सोव्हिएत नौदलाने ती ‘बाकू’ या नावाने १९७८ मध्ये निकोलायेवच्या गोदीत बांधायला घेतली आणि १९८७ मध्ये ताफ्यात आणली. तिची याक-३८ विमानं उभीच उतरत, म्हणून लांब पट्टीची गरज नव्हती. पुढे सोव्हिएत संघ कोसळला. ‘अॅडमिरल गोर्शकोव्ह’ या नव्या नावाने ती काही वर्षं राहिली, बॉयलर रूममध्ये आग लागली आणि १९९६ मध्ये निवृत्त झाली. २००४ मध्ये भारताने करार केला: नौका फुकट, रूपांतराचे ९७ कोटी ४० लाख डॉलर, ताबा २००८ मध्ये.

काम श्वेत समुद्राकाठच्या सेवमाश गोदीकडे गेलं. तिथल्या कामगारांचा हात अणुपाणबुड्यांवर बसलेला. विमानवाहू नौका त्यांनी कधी बांधली नव्हती. पत्रे कापून आत पाहिल्यावर अंदाजपत्रक कोलमडलं.

ते का कोलमडलं, हे मला आतल्या अरुंद बोळात उमगलं. छताखालून केबलींचे जुडगे धावतात आणि दर काही पावलांवर पोलादी भिंतीतून आरपार जातात. पाणी किंवा धूर पुढच्या कप्प्यात शिरू नये म्हणून तिथली प्रत्येक फट घट्ट बुजवलेली असते. एक केबल बदलायची तर ती फट फोडा, जुनी ओढून काढा, नवी घाला, पुन्हा बुजवा, तपासा. इथे तर २,००० किलोमीटरहून अधिक नवी केबल घालावी लागली आणि सुमारे २,५०० पैकी १,७५० कप्पे नव्याने करावे लागले. किंमत २३५ कोटी डॉलरवर गेली.

२०१२ च्या चाचणीत नौका पूर्ण वेगाने पळवली, तेव्हा आठपैकी सात बॉयलरांनी दगा दिला. भारताला अॅस्बेस्टॉस नको होतं. त्याऐवजी लावलेल्या विटांचं अस्तर उष्णतेला टिकलं नाही. अखेर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी नौका भारतीय नौदलात आली आणि कारवार तिचं घर झालं.

या पैशांतून आपल्याला एक हरवलेली विद्या परत मिळाली. आधीच्या विमानवाहू नौकेवरची, म्हणजे विराटवरची, सी हॅरिअर विमानं उभी उतरत. त्यामुळे डेकवरच्या तारेत हुक अडकवून विमान थांबवण्याचा सराव दोन दशकांहून अधिक काळ तुटला होता, तो विक्रमादित्यवर पुन्हा सुरू झाला. २०२२ मध्ये दाखल झालेल्या, कोचीत बांधलेल्या विक्रांतवरही विमानं याच पद्धतीने उतरतात.

म्हणून हा सौदा वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण वापरलेल्या युद्धनौकेचा भाव तिच्या रंगरूपावरून ठरवता येत नाही. यापुढे अशी नौका घ्यायची वेळ आलीच, तर आपले अभियंते आधी तिच्या पोटात शिरले पाहिजेत आणि कराराची किंमत त्यांच्या अहवालानंतरच लिहिली गेली पाहिजे.