एक दात पुढे

घोलवडच्या एका चिकूच्या वाडीत क्रेट भरता भरता गाडीवाले दादा म्हणाले, "साठ हजार झाले, ताई. रविवारी पट्टा बदलणार. घरीच." गाडी जुनी मारुती ओम्नी. तिच्या मीटरची केबल केव्हाच तुटलेली. मग साठ हजार किलोमीटर मोजले कुणी? "पोरीनं," दादा म्हणाले. ते पाहायला मी रविवारी तलासरीजवळच्या त्यांच्या पाड्यावर गेले.

मोजणी एका लांबट वहीत होती. घोलवड, बोर्डी, डहाणू रोड अशी रोजच्या फेऱ्यांची नावे आणि दर महिन्याखाली बेरीज. अक्षर दहावीतल्या मुलीचे. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली की गाडीला उसंत नसते, म्हणून काम त्याआधी. गॅरेजला का नेत नाही, असे विचारल्यावर दादा म्हणाले, "गाडी तिथं राहिली तर वाडीवाला दुसरी गाडी बघतो." आणि मग पुन्हा, "साठ हजाराच्या पुढं न्यायची नाही."

ओम्नी 1984 साली आली आणि 2019 साली बंद झाली. पुढच्या सीटा उचलल्या की 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन हाताशी येते. बदलायचा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, मात्र इंजिनाच्या तोंडाशी, अंधाऱ्या फटीत. 1962 सालच्या जर्मन ग्लास 1004 या मोटारीत असा दातेरी रबरी पट्टा पहिल्यांदा मोठ्या उत्पादनात आला. त्याआधी क्रँकच्या फेऱ्याने व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवायचे काम साखळी किंवा गिअर करीत. पट्टा हलका, आवाज न करणारा, पण रबराचा. त्याच्या पोटात काचतंतूंचे दोर असतात. पट्टा मुडपला तर ते तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून वापीहून आणलेला नवा पट्टा मुलीने मांडीवर सैल गोल ठेवला होता, कुणालाही हात लावू देत नव्हती.

बॅटरीची वायर काढली, स्पार्क प्लग काढले, पंख्याचा पट्टा उतरवला, पुली आणि झाकण काढले. जळक्या ऑइलचा वास अंगणभर पसरला. दादांनी नवा पट्टा चढवायच्या आधी क्रँकच्या सीलवर बोट फिरवले आणि बोट उन्हात धरून पाहिले. ऑइल लागले होते. सील बदलले. ऑइल पाझरून पट्ट्यावर आले तर रबर फुगते. गळके सील तसेच ठेवून नवा पट्टा घातला तर साठ हजाराची वही वाया जाणार.

खरे काम इथून पुढचे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. पिस्टन वर येतो तेव्हा कोणता व्हॉल्व्ह उघडा, कोणता बंद, हे त्या प्रमाणावर ठरते. म्हणून दोघांच्याही दातेरी चाकांवर खुणा असतात, त्या जुळल्या पाहिजेत. दादांना जवळचे नीट दिसत नाही. ते गोटीपाना धरतात, मुलगी टॉर्च धरून खूण वाचते. जुना पट्टा निघाला तेव्हा कॅम स्प्रिंगच्या जोराने किंचित सरकला होता. त्यांनी तो परत जागी आणला, नवा पट्टा चढवला, पट्टा ताणणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग मोकळी केली. मग पान्याने क्रँक हाताने फिरवला, सावकाश, दोन पूर्ण फेरे.

"एक दात पुढे आहे, बाबा."

दादांनी तिच्याकडे पाहिलेही नाही, वादही घातला नाही. पट्टा उतरवला, कॅम मागे घेतला, पट्टा पुन्हा चढवला, पुन्हा दोन फेरे. "अजून नाही." तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "जुळली." तेव्हाच टेन्शनरचा बोल्ट आवळला गेला.

मी तिथे उभी असताना मला त्या "अजून नाही"चे मोल कळत गेले. एक दात चुकला तरी हे इंजिन सुरू होते. फक्त पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागते आणि चढावर गाडी दमते. मग दोष प्लगला दिला जातो, कार्बुरेटरला दिला जातो. ज्या इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत आलटून पालटून येतात, विशेषतः डिझेलमध्ये, तिथे चूक मोठी असली तर व्हॉल्व्ह वाकतात. पट्टा धावता धावता तुटला तरी तेच.

अशा घरच्या कामाला लोक जुगाड म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. जुगाडात चालले म्हणजे झाले. इथे चालले असते, तरी दोघांनी पट्टा पुन्हा उतरवला. वहीतला हिशोब, सीलवरचे बोट आणि मुलीने बापाला निर्धास्तपणे दिलेला नकार हे शिस्तीचे काम आहे आणि त्याला शिस्तीचाच मान मिळायला हवा.

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मुलीने वहीच्या नव्या पानावर तारीख घातली. खाली लिहिले, "पुढचा पट्टा साठ हजारावर."

टायमिंग बेल्ट बदलला की झाकण बसते आणि आतली खूण कुणालाच दिसत नाही. गाडी घरी दुरुस्त करा वा गॅरेजात, झाकण बसण्याआधी क्रँकचे दोन फेरे हाताने होतात का, ते उभे राहून पाहा.