समोरचे दिसते, बाजूचे नाही

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त मास्तर नडगीची जखम घेऊन दवाखान्यात आले. सोबत सून. "डॉक्टर, यांना पेपरातले बारीक अक्षर दिसते, पण दारातली बादली दिसत नाही. मुद्दाम करतात का हो?" मास्तर गप्प.

तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. मग त्यांना माझ्या नाकाकडे पाहायला सांगून मी बाजूने बोट हलवत आणले. ते जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत त्यांना दिसले नाही! नेत्रतज्ज्ञांकडे निदान झाले : काचबिंदू.

निरोगी माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवे सुमारे 180 अंश दिसते. काचबिंदूत हे क्षेत्र कडेने आकसत जाते. रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या पडद्याच्या एका आनुवंशिक विकारातही तसेच होते. काचबिंदूत गेलेले क्षेत्र परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेले राखण्यासाठी.

अशा वेळी लोक भिंग आणतात. भिंगाने वस्तू मोठी होते, म्हणजे नजरेत मावते आणखी कमी. इथे दुर्बीण उलटी धरावी लागते. दाराच्या भोकातल्या भिंगातून माणूस बाहुलीएवढा, पण अख्खा जिना दिसतो ना, तसेच. बसस्टँडवर उभे राहून क्षणभर पाहावे आणि खिशात ठेवावी. लावून चालू नये, अंतराचा अंदाज चुकतो. मधली नजर चांगली असेल तरच हा उपाय.

पक्षाघातानंतर काहींची दोन्ही डोळ्यांतली एकाच बाजूची अर्धी नजर जाते. त्यांच्यासाठी चष्म्याच्या काचेवर प्रिझमची पातळ पट्टी चिकटवतात; न दिसणाऱ्या बाजूचे दृश्य त्यामुळे दिसणाऱ्या बाजूला सरकते. बॉस्टनचे एली पेली यांनी 2000 साली बुबुळाच्या वर आणि खाली पट्ट्या बसवण्याची पद्धत मांडली, त्यात मधली नजर मोकळी राहते. सुरुवातीला गोंधळ उडतो, सराव हवाच.

ही साधने परस्पर विकत घेऊ नका. मोठ्या नेत्ररुग्णालयांच्या लो व्हिजन विभागात आधी वापरून पाहा. मला विचाराल तर पांढरी काठी आणि मान फिरवून पाहण्याची सवय यांचा मान पहिला. आणि हो, 2016 च्या कायद्यानुसार अक्षरे नीट वाचता आली तरी दृष्टिक्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी असेल तर ते अल्पदृष्टीत मोडते. दृष्टिक्षेत्र तपासणीचा कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी करा.

मास्तरांना उलटी दुर्बीण रुचली नाही. काठी घेतली, स्कूटर मी विकायला लावली. सून आता बादली भिंतीकडे ठेवते आणि दार कधी अर्धवट उघडे सोडत नाही.