मारायचं नाही, मग शिस्त कशी लावायची?

पालकसभेत आजही एखादे अब्बा मुलाला आमच्यासमोर उभं करून सांगतात, "सर, गोश्त आपका, हड्डी हमारी." हेतू वाईट नसतो. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारायला तर बंदी आहेच, त्याचा मानसिक छळ करायलाही आहे. तसं करणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते.

आम्हाला हे कायद्याने सांगायची गरज नव्हती. लहानपणी आम्ही भरपूर छड्या खाल्ल्यात. बीएड करून पुण्यात कॅम्पातल्या एका शाळेत लागलो, तेव्हाच ठरवलं होतं, मुलांवर हात उचलायचा नाही, आवाजसुद्धा चढवायचा नाही. मुलं खूश. आमच्या तासाला सातवीच्या वर्गात बाजार भरायचा आणि आम्ही त्यालाच मोहब्बत समजत होतो.

सहामाहीला एका मुलीचा पेपर अर्धा कोरा निघाला. शेवटच्या बाकावरची, कधी न बोलणारी. विचारलं तर म्हणाली, "सर, तुमच्या तासाला काही ऐकूच येत नाही." घरी एका खोलीत सहा माणसं, अभ्यास व्हायचा तो वर्गातच. आमच्या नरमाईचा फायदा दंगा करणारे चार-पाच जण घेत होते, भोगत होती ती.

मग आम्ही घंटा झाली की दारात उभे राहू लागलो. सलाम घेत, नाव घेऊन एकेकाला आत सोडायचं. फळ्यावर पाच मिनिटांचं काम आधीच लिहिलेलं. नियम तीनच, तेही मुलांनीच ठरवलेले. मोडला तर चारचौघांत पाणउतारा नाही, तास संपल्यावर थांबून राहिलेलं काम पुरं करायचं. खरी कसोटी पुढे लागते. लाडक्या मुलाला एकदा सूट दिली की आठवडाभराची मेहनत पाण्यात. पहिले पंधरा दिवस मुलं आमच्यावर रुसलीच होती.

याच पुण्यात १८४८ साली फुले दाम्पत्याने मुलींची शाळा काढली. पुढे फातिमा शेख यांनीही त्यांच्या शाळांत शिकवलं. सावित्रीबाईंना कळकळ कमी होती का? तरी त्यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. बीएडला आम्ही हे फक्त पाठ केलं होतं.

अब्बा-अम्मींना एकच विनंती. मुलाला शाळेत थांबवून घेतलं तर घरी त्याला पुन्हा मारू नका आणि लगेच त्याची बाजूही घेऊ नका. आधी आम्हाला फोन करा.