मेंदूची छबी आणि माणसाचे निदान

सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. तिच्या माघारी अ‍ॅन ती गोटी डब्यात लपवते. परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५मध्ये बाहुल्यांचा हा प्रसंग मुलांपुढे मांडला. गोटी हलवल्याचे सॅलीला ठाऊकच नाही, म्हणून ती टोपलीतच बघणार. ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी मात्र गोटी प्रत्यक्षात होती तिकडे बोट दाखवले. दुसऱ्याच्या मनातले ताडणे ऑटिझममध्ये जड जाते, हा विचार यातून रुजला. बरोबर उत्तर देणारी चार मुले मात्र चर्चेत मागे पडली. गटाबद्दल खरे असलेले विधान त्यातल्या प्रत्येकाला लागू पडेलच असे नाही, आणि मेंदूच्या छबी पाहतानाही नेमकी हीच गोष्ट निसटते.

२००३मध्ये रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनच्या आधारे दाखवले की, दुसऱ्याची समजूत काय असेल याबद्दलची गोष्ट वाचताना कानाच्या वर-मागे, मेंदूचे टेम्पोरल आणि परायटल खंड जुळतात तो भाग अधिक सक्रिय होतो. एफएमआरआयचे यंत्र विचार टिपत नाही. रक्तातील प्राणवायूच्या बदलावरून ते मेंदूच्या कामाचा अंदाज बांधते. मग ऑटिझममध्ये हा भाग थंड असतो का? २०१३च्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या ३१ आणि नसलेल्या ४६२ प्रौढांची तुलना झाली. दोन्ही गटांत प्रतिसाद जवळपास सारखाच निघाला.

मेंदूच्या छबींवरून छोट्या गटांत काढलेले निष्कर्ष अनेकदा टिकत नाहीत, याला कारण आहे. २०२२मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या, सुमारे ५० हजार जणांच्या स्कॅनवर आधारलेल्या विश्लेषणानुसार, मेंदूतील फरकांची मानसिक लक्षणांशी भरवशाची सांगड घालायला हजारो माणसे लागतात. नेहमीच्या अभ्यासांत ती जेमतेम २५च्या आसपास असत. म्हणूनच डॉक्टर एमआरआय सांगतात तो गाठीसारखे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. ऑटिझम किंवा स्किझोफ्रेनियाचे निदान आजही लक्षणे, वागणे आणि पूर्वेतिहास यांवरूनच होते.

यावर कुणी म्हणेल, माहिती वाढली की संगणक निदानही करू लागेल. मदत होईल, यात शंका नाही. पण संगणक शिकणार तो डॉक्टरांनी आधी केलेल्या निदानांवरून, आणि एकाच नावाखाली फार वेगवेगळी माणसे येतात. शिवाय स्कॅनरमध्ये माणूस एकटा, निश्चल पडून असतो. समजून घेणे मात्र दोघांमध्ये घडते. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२मध्ये हेच मांडले: अडचण दुहेरी आहे, इतरांनाही ऑटिस्टिक माणूस उमगत नाही. मग हे संशोधन वाया गेले का? मुळीच नाही. परस्परांना समजून घेताना मेंदू कसा काम करतो, याचा नकाशा त्यानेच दिला. तो नकाशा एखाद्या मुलाचे प्रगतिपुस्तक म्हणून पालकांच्या हाती ठेवू नये. त्या मुलाला काय जमते आणि कुठे आधार हवा, हे त्याच्याबरोबर वेळ घालवूनच कळते.