अंकुशच्या गळ्यातलं रॉक

रॉक मशिन या बँडवरचा लेख आज येणार होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडवरचा मागचा लेख वाचून गारखेड्याच्या एका वाचकाने विचारलंय, ‘ही सगळी मंडळी इंग्रजीतच का गात होती? मराठीत रॉक कुणी गायलंच नाही का?’ या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणं माझ्याच्याने होणार नाही, कारण त्यात माझा फार लाडका माणूस दडलेला आहे.

नंदू भेंडे. वडील आत्माराम भेंडे, म्हणजे बबन प्रभूंच्या जोडीने मराठी रंगभूमीवर फार्स रुजवणारे. आई आशा भेंडे अभिनेत्री, मूळच्या बेने इस्रायली घरातल्या. अशा घरातला हा मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईच्या बँडांमधून इंग्रजी रॉक गाऊ लागला. मग ॲलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईत उभं केलं आणि त्यातला जूडास नंदूकडे आला.

सुपरस्टारचा प्रवास उलटा आहे. आधी १९७० मध्ये दोन तबकड्यांचा संच निघाला आणि रंगमंच नंतर, १९७१ मध्ये आला. म्हणजे आधी ध्वनिमुद्रण, मग प्रयोग. त्यातला येशू सौम्य सुरांतही वावरतो, पण जूडासला ती मुभा नाही. येशूवर त्याचा जीव आहे आणि येशूची वाट त्याला पटत नाही. ही तगमग शब्दांपेक्षा गळ्यातून कळते. वरच्या पट्टीत आवाज खरवडत न्यायचा, फुटू द्यायचा आणि तरीही सूर सोडायचा नाही. रॉक गायकाची खरी परीक्षा तीच, आणि ती नंदूने नाटकात उभं राहून दिली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ आणलं. लेखन पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. झिपरीच्या भूमिकेत माधुरी पुरंदरे, आणि गुंडांचा म्होरक्या अंकुश म्हणून नंदू भेंडे! त्या नाटकात नाट्यसंगीत आहे, लोकसंगीत आहे, आणि अंकुशच्या तोंडी थेट पाश्चात्त्य ढंगाचं गाणं आहे. इंग्रजी रॉकवर तयार झालेला गळा पुलंचे मराठी शब्द गातो, आणि ते कुठेही उसनं वाटत नाही.

आता त्या वाचकाच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. रॉकचा ठोका चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. आपला कान समेची वाट बघणारा, पहिल्या मात्रेवर मान डोलावणारा. शिवाय इंग्रजी शब्दाचा आघात ठरलेला असतो, तो ड्रमच्या ठोक्यावर नेमका बसवता येतो. मराठी शब्द लघु-गुरूवर चालतो. त्याला भलत्या ठिकाणी ठोका बसला की शब्द मोडल्यासारखा ऐकू येतो, आणि श्रोता विचारतो की हा असा का गातोय?

या ‘का’चं उत्तर बँडकडे नसतं, नाटकाकडे असतं. अंकुश तसा गातो कारण अंकुश तसा आहे: शहरी, मिजासखोर, कुणाची पर्वा नसलेला. चाल त्या पात्राची असते, त्यामुळे मोडलेला शब्दसुद्धा त्याचा स्वभाव होऊन जातो. आपल्या मराठवाड्याला ही युक्ती नवी नाही. पैठण इथलंच. तिथे सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी उभे केले आणि ज्याचं सोंग त्याची बोली, त्याची लय वापरली. मराठी श्रोता परक्या चालीला बिचकतो, पण ती सोंगाबरोबर आली तर आनंदाने घरात घेतो. मराठीत रॉक शिरलं ते या दारातून, असं माझं ठाम मत आहे.

गंमत म्हणजे हे दार दुसऱ्या बाजूनेही उघडतं. ‘तमाशा’चं मूळ ब्रेश्टचं ‘थ्री पेनी ऑपेरा’, बर्लिन, १९२८. त्याचं मूळ आणखी मागे, जॉन गे याचं १७२८ मधलं ‘बेगर्स ऑपेरा’. ब्रेश्टच्या नाटकाला संगीत दिलं कुर्ट वाइलने. कॅबरे, जॅझ, ऑपेरा सगळं एकत्र कालवून. याच जोडीच्या ‘महागोनी’तलं ‘अलाबामा साँग’ डोअर्सने १९६७ मध्ये आपल्या पहिल्याच तबकडीत घेतलं, आणि पुढे डेव्हिड बोवीनेही ते गायलं. रॉकमधल्या सर्वांत प्रयोगशील मंडळींना नाटकातली गाणी हवीहवीशी वाटली, कारण त्यांनाही सोंगं हवी होती. बोवीने तर ‘झिगी स्टारडस्ट’ नावाचं अख्खं पात्र अंगावर चढवलं. लॉस एंजेलिसचा डोअर्स आणि पुण्याची थिएटर ॲकॅडमी एकाच विहिरीचं पाणी प्यायले आहेत.

म्हणून ‘तीन पैशाचा तमाशा’ला एका रॉक गायकाची हौसेची आडवाट समजू नका. मला विचाराल तर नंदू भेंडेंचं सर्वांत मोलाचं रॉक तेच. इंग्रजी गाणी त्यांच्याआधी इतरांनी गायली होती आणि नंतरही गायली. गुंडाच्या वेशात, मराठी प्रेक्षकांसमोर, पुलंच्या शब्दांत रॉकचा गळा मोकळा सोडणं हे त्यांनी केलं. २०१४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची ओळख बऱ्याच ठिकाणी ‘आत्माराम भेंडे यांचे पुत्र’ इथून सुरू झाली. ती ‘अंकुश’पासून सुरू व्हायला हवी होती.

पुण्या-मुंबईत किंवा आपल्याकडे ज्यांनी तो प्रयोग पाहिला असेल त्यांनी जरूर कळवा. अंकुशच्या गाण्यांना प्रेक्षकांनी कशी दाद दिली, टाळ्या पडल्या की आधी कुजबुज झाली, हे मला पाहिलेल्यांकडून ऐकायचं आहे.

पुढच्या आठवड्यात मात्र रॉक मशिन नक्की. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ का केलं, आणि नावाबरोबर त्यांच्या वाद्यांत काय बदललं, तिथून सुरुवात करू.