थकलेलं बिल कुठे अडकतं?

या आठवड्यात व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण कोटेशनवरचा गेल्या वेळचा भाग वाचून सातपूरहून एका ताईंचं पत्र आलं आणि त्यानंतर दुसरं काही लिहवेना. ताई आणि त्यांचे यजमान मिळून पावडर कोटिंगचा छोटा कारखाना चालवतात. त्या लिहितात, “ऑर्डर मिळाली, मालही रंगवून गेला. आता तीन महिने झाले, पैशांचा पत्ता नाही. मागितले तर साहेब दुखावतील आणि पुढचं काम दुसऱ्याला देतील. न मागावेत तर पावडरवाला दारात उभा.”

प्रश्न वसुलीचा दिसतो, पण मी तो गिऱ्हाईक सांभाळण्याच्या खात्यातच धरतो. आमच्याकडे धंदा करणाऱ्या माणसाला पैसे मागण्याची फार लाज. माल देताना ताठ मानेनं देतो आणि त्याचेच पैसे मागताना आवाज खाली येतो. मग महिनोन्‌महिने गप्प बसायचं आणि एक दिवस भडका उडवायचा. संबंध बिघडतात ते त्या भडक्यानं. वेळच्या वेळी, शांतपणे विचारलेल्या प्रश्नानं गिऱ्हाईक तुटल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

आता ताईंच्या पत्रातले ‘साहेब’ बघू. हे परचेसचे साहेब. त्यांनी ऑर्डर दिली, पण पैसे त्यांच्या हातात नाहीत. कंपनी हे एक गिऱ्हाईक नसतं. तिथे परचेस, स्टोअर्स आणि अकाउंट्स अशी निदान तीन टेबलं असतात आणि आपण ओळख ठेवतो ती पहिल्याच टेबलाशी. दिवाळीचा बॉक्स तिथे, वाढदिवसाचा मेसेज तिथे. बिल मात्र बहुतेक वेळा उरलेल्या दोन टेबलांवर अडकतं.

ते कसं अडकतं, हे नीट समजून घ्या. टेम्पो गेटवर उतरला की चलनावर आवक शिक्का पडतो. मग स्टोअर्सवाले नग मोजतात, क्वालिटीवाले तपासतात आणि त्यानंतर जीआरएन निघतं, म्हणजे माल मिळाला आणि स्वीकारला अशी कंपनीच्या संगणकातली नोंद. अकाउंट्समधला माणूस पीओ, जीआरएन आणि तुमचं बिल हे तीन कागद शेजारी ठेवून जुळवतो. पीओत दर 42 रुपये आणि बिलात 42.50 असेल, चलनात 500 नग आणि जीआरएनला 488 (12 नगांना फोड आले म्हणून नाकारले), तर बिल बाजूला पडतं. ते बाजूला पडलं हे तुम्हाला कळवण्याचं काम कुणाच्याच अंगावर नसतं. तिकडे परचेसचे साहेब प्रामाणिकपणे समजून चालतात की पेमेंट झालं असेल. इकडे आपण त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलेले.

त्यात जीएसटीची एक मेख आहे आणि ती छोट्या उद्योजकांना फार छळते. तुम्ही तिमाही रिटर्नची योजना घेतली असेल, तर पहिल्या दोन महिन्यांची बिलं तिमाही संपून रिटर्न भरेपर्यंत समोरच्याच्या क्रेडिटमध्ये दिसत नाहीत. अनेक कंपन्या अशा वेळी निदान कराची रक्कम रोखून धरतात. कधी सगळंच बिल थांबवतात. यावर उपाय आहे. पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत आयएफएफ या सोयीतून तेवढी बिलं पोर्टलवर चढवता येतात. तुमच्या कर सल्लागाराला आजच विचारा की तो हे करतो का. तो “तिमाहीला भरतोच की” म्हणाला, तर तुमच्या कंपनी-गिऱ्हाइकांची यादी त्याच्या हातात द्या आणि यांची बिलं दर महिन्याला चढवाच, असं सांगा.

म्हणून पहिला फोन पैशांसाठी करायचाच नाही. बिल दिल्यावर आठवड्याच्या आत स्टोअर्सला करायचा. “भाऊ, चलन नंबर अमुक, जीआरएन झालं का? काही नग बाजूला काढलेत का?” यात मागणं नाही, त्यामुळे लाजही नाही. नग नाकारले असतील तर त्याच दिवशी उचलून आणा आणि पुन्हा रंगवून द्या, नाहीतर बिल दुरुस्त करा. दुसरा फोन अकाउंट्सला, मुदतीच्या चार-पाच दिवस आधी. बऱ्याच कंपन्यांत पेमेंट महिन्याच्या ठरलेल्या तारखांनाच निघतं, आणि एक तारीख चुकली की बिल सरळ पुढच्या तारखेवर जातं. मुदत उलटल्यावर फोन केलात, तर ती तारीख निघून गेलेली असते.

तिसरा टप्पा लेखी. दर महिन्याला लेजर पाठवायचं, बाकी असो वा नसो. सोबत दोन ओळी पुरेत. “नमस्कार. आपल्याकडची बाकी सोबत पाठवत आहे. बिल क्र. 118 ची मुदत 10 तारखेला संपली. कागदपत्रांत काही अडचण असल्यास कळवावे, लगेच दुरुस्त करून देऊ.” यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. समोरच्याला उत्तर द्यायला त्यामुळे वाट मिळते आणि खरी अडचण बाहेर येते.

बिलावर ‘मुदत 30 दिवस’ असं मोघम छापू नका. 30 दिवस कधीपासून? बिलाच्या तारखेपासून, की जीआरएनपासून? वर्षानुवर्षं भांडणं चालतात यावर. सरळ तारीख लिहा. पीओ नंबर, चलन नंबर आणि बँकेचा तपशील बिलावरच हवा. उद्यम नोंदणी क्रमांकही हवा.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 2006 च्या कायद्याचं संरक्षण आहे. लेखी करार असला तरी पैसे माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत द्यावे लागतात आणि करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकराचीही अट आली. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येते ती प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यम प्रमाणपत्र मागू लागले आहेत. (निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीसाठी तिच्यावर विसंबू नका.)

याच कायद्याखालच्या फेसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माझं मत विचाराल, तर तो शेवटचा रस्ता. तिथे गेलात की त्या गिऱ्हाइकाचं पुढचं काम गेलंच असं धरून चला. जिथे समोरचा फोन उचलत नाही, लेजरला उत्तर देत नाही आणि टोलवाटोलवी उघड दिसते, तिथे मात्र बेलाशक जा. असलं गिऱ्हाईक गेलं तर आपलं नुकसान होत नाही.

ताई, तुमच्यासाठी एक खास सूचना. ऑर्डर आणणारा आणि पैसे मागणारा माणूस एकच नको. यजमान परचेसच्या साहेबांशी बोलतात ना? मग पैशांचा विषय त्यांनी काढायचाच नाही. स्टोअर्स आणि अकाउंट्स ही दोन टेबलं तुमची. तिथल्या माणसांची नावं वहीत लिहा, पेमेंटच्या तारखा विचारून ठेवा आणि एकदा स्वतः जाऊन ओळख करून या. सोमवारी सकाळी पहिला फोन स्टोअर्सला करा. चलनाची सही-शिक्क्याची प्रत हाताशी असू द्या. तीन महिन्यांपूर्वीचा माल आहे, जीआरएनच झालेलं नाही असं निघालं तर मला नवल वाटणार नाही. काय निघालं ते जरूर कळवा.

कॅटलॉग पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर तुमच्या मालाचे दिवसाच्या उजेडातले फोटो काढून ठेवा, ते लागणार आहेत.