सातबारा शहराचा, धावपट्टी कोणाची?

गेली तीस वर्षे मी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून दस्त लिहीत आलो आहे. खरेदीखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. या धंद्याने मला एक सवय लावली. सातबारा हातात आला की माझी नजर आधी मालकाच्या नावावर जात नाही, ती 'इतर अधिकार' या रकान्यावर जाते. जमिनीवर बोजा कोणाचा, वाट कोणाची, कूळ कोणाचे, हे तिथे कळते. मालकाचे नाव ठळक असते, पण त्याचे हात किती मोकळे आहेत हे तो रकाना सांगतो.

हे सांगण्याचे कारण असे की हा लेख एका विमानतळाविषयी आहे आणि विमानशास्त्र मी कुठे शिकलेलो नाही. त्या विमानतळाची कथा मला या रकान्यातूनच उलगडली.

२०१९ च्या डिसेंबरात मी अमेरिकेत भाचीकडे गेलो होतो. ती लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात राहते. सकाळी चहा घेताना डोक्यावरून विमान गेले, इतके खाली की कपातला चहा हलल्याचा भास झाला. "हे सँटा मोनिकाचे विमानतळ," ती म्हणाली. "विमानतळ त्या शहराच्या मालकीचे. उतरणारी विमाने आमच्यावरून जातात. पण मामा, आमचे घर लॉस एंजेलिसच्या हद्दीत. त्यामुळे आम्हाला आवाज आहे, मत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानतळ पाहायला गेलो. लोकांसाठी तिथे एक गच्ची आहे. तिथून एकुलती एक धावपट्टी आणि दोन्ही टोकांना चिकटलेली घरे दिसतात. भाचीने सांगितले की शहराला हे विमानतळ कधीचे बंद करायचे आहे, पण ते बंद करता येत नाही. मी विचारले, "जमीन शहराची ना? मग अडवतो कोण?" तिला नेमके सांगता आले नाही. परत आल्यावर सभांची इतिवृत्ते, करारनामे आणि न्यायालयांचे निकाल शब्दकोश शेजारी ठेवून मी वाचू लागलो.

शहर विमानतळाचे मालक कसे झाले

आपल्याकडे विमानतळ म्हटले की केंद्राचे विमानतळ प्राधिकरण, राज्याची एखादी कंपनी किंवा मोठा उद्योगसमूह डोळ्यांपुढे येतो. नगरपालिकेचे विमानतळ ही कल्पनाच आपल्याला नवी. अमेरिकेत मात्र बहुतेक सार्वजनिक विमानतळ शहरांच्या किंवा तिथल्या काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या मालकीचे असतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात रेल्वेप्रमाणे विमानही आपल्या गावावरून जावे, अशी तिथल्या गावांची धडपड होती.

सँटा मोनिकाने १९२६ मध्ये कर्जरोखे काढून जमीन घेतली. तोवर तिथल्या क्लोव्हर फील्ड नावाच्या मैदानावरून विमाने उडतच होती. डोनाल्ड डग्लस यांच्या कंपनीने १९२४ च्या पहिल्या जगप्रदक्षिणेची विमाने याच गावात बांधली. पुढे १७ डिसेंबर १९३५ रोजी डीसी-३ या प्रसिद्ध विमानाने पहिले उड्डाण इथूनच केले. त्याची लष्करी आवृत्ती म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक असलेले डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिक श्रीनगरला उतरले ते डाकोटांतूनच. विमानतळावरच्या संग्रहालयाबाहेर उभे केलेले डीसी-३ पाहताना मला त्याची आठवण झाली.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूला फसवण्यासाठी डग्लसच्या कारखान्यावर जाळ्या ताणून त्यावर खोटी घरे आणि खोटी झाडे उभारली होती. खरी घरेही त्याच काळात जवळ आली, कारण कामगारांना कामाजवळ राहायचे होते. पुढच्या सगळ्या भांडणाचे बी इथे आहे. विमानतळाने कारखाना आणला, कारखान्याने वस्ती आणली आणि वस्तीला विमानतळ सोसेना. १९५० च्या दशकात डग्लसला डीसी-८ या जेट विमानासाठी लांब धावपट्टी हवी होती. शहराने नकार दिला. कंपनीने ते काम लाँग बीचला नेले आणि १९७० च्या दशकात इथला कारखाना बंद झाला. कामगारांचे गाव हळूहळू महागड्या घरांचे गाव बनले. धावपट्टी मात्र तिथेच राहिली.

छोटे विमानतळ चालते कशावर

अशा विमानतळावर तिकीट काढून चढण्याची विमाने नसतात. इथे येतात ती खासगी विमाने, वैमानिक-प्रशिक्षणाच्या शाळा आणि व्यावसायिकांची जेट. त्यामुळे उत्पन्न किरकोळ बाबींतून गोळा होते: हँगरचे भाडे, उघड्यावर विमान बांधून ठेवण्याचे भाडे, इंधनविक्रीतला वाटा, उतरण्याचे शुल्क आणि इमारतींची भाडी. सँटा मोनिकाने २०१३ मध्ये उतरण्याचे शुल्क विमानाच्या वजनावर, दर हजार पौंडांना ५.४८ डॉलर केले. चार आसनी छोट्या विमानाला हे साधारण चौदा डॉलर पडतात. विमानतळाच्या आवारात कलावंतांचे स्टुडिओ आहेत आणि एका जुन्या हँगरमध्ये समारंभ होतात. विमानांपेक्षा भाडेकरू भरवशाचे, हे अशा विमानतळांचे जुने गणित आहे.

या उत्पन्नात रोजचा खर्च कसाबसा निघतो. पण धावपट्टीवर नवा थर द्यायचा, दिवे बदलायचे, कुंपण घालायचे, तर एवढा पैसा छोट्या शहराकडे नसतो. तिथे केंद्र सरकारचे विमानवाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, पुढे येते. विमान तिकिटांवरच्या आणि इंधनावरच्या करांतून एक निधी साठतो आणि त्यातून छोट्या विमानतळांच्या मान्य कामांना साधारण ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. रुपयातले नव्वद पैसे दुसरा देणार असेल, तर कोणता नगरसेवक नाही म्हणेल?

अनुदानासोबत अटींची यादी येते. अटी चाळीसच्या घरात आहेत. त्यांचे सार असे: विमानतळ सर्व प्रकारच्या विमानांना वाजवी अटींवर आणि भेदभाव न करता खुले ठेवायचे, कोणाला मक्तेदारी द्यायची नाही, विमानतळाचे उत्पन्न विमानतळावरच खर्च करायचे, दर असे ठेवायचे की विमानतळ शक्यतो स्वतःच्या पायावर उभे राहील. या अटी साधारणपणे वीस वर्षे टिकतात. अनुदानातून जमीन घेतली असेल तर त्यांना अंतच नाही.

दोन दस्त

सँटा मोनिकाच्या 'इतर अधिकार' रकान्यात दोन नोंदी होत्या.

पहिली १९४८ ची. युद्धकाळात शहराने विमानतळ केंद्र सरकारला भाडेपट्ट्याने दिले होते. सरकारने धावपट्टी बांधली, सुधारणा केल्या आणि युद्धानंतर सारे परत केले. परत करतानाच्या हस्तांतरणपत्रात लिहिले होते की जमीन विमानतळ म्हणूनच वापरावी, नाहीतर सरकारचा हक्क पुन्हा जागा होईल. शहर पुढे म्हणू लागले की जमिनीचे मालक आम्हीच होतो, सरकारकडे फक्त भाडेपट्टा होता. जे तुमचे नव्हतेच ते अट घालून परत कसे देता? हा मुद्दा वाचून मी पान बाजूला ठेवले आणि चहा मागवला. असे दस्त मी लिहिले आहेत.

दुसरी नोंद अनुदानाची. शहराने १९९४ मध्ये अनुदान घेतले. वीस वर्षे धरली तर बंधन २०१४ मध्ये संपते. पण २००३ मध्ये त्याच अनुदानात दुरुस्ती करून शहराने आणखी सुमारे २ लाख ४० हजार डॉलर घेतले होते. एफएएने २०१५ च्या डिसेंबरात निर्णय दिला की वीस वर्षे या दुरुस्तीपासून मोजायची, म्हणजे २०२३ पर्यंत. त्या भागातल्या एका घराच्या किमतीहूनही कमी रकमेने वादाची मुदत नऊ वर्षांनी लांबली.

मालकाची जबाबदारी, दुसऱ्याचा अधिकार

मला सर्वांत चटका लावला तो न्यायालयांच्या निकालांनी. १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की घरांवरून जाणाऱ्या विमानांमुळे लोकांची मालमत्ता हिरावली गेली तर भरपाई विमानतळाच्या मालकाने द्यायची. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सँटा मोनिकाच्या रहिवाशांना आवाजाच्या उपद्रवाबद्दल शहरावर दावा करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे त्रासाबद्दल जबाब द्यायचा शहराने.

मग शहराने जेट विमानांवर बंदी घातली. १९७९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने रात्रीची उड्डाणबंदी आणि आवाजाची मर्यादा टिकवली, पण सरसकट जेटबंदी रद्द केली. फक्त जेट आहे म्हणून विमान अडवणे हा भेदभाव ठरला. १९८४ मध्ये शहर आणि एफएए यांच्यात तडजोड झाली: आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल आणि विमानतळ २०१५ पर्यंत चालू. २००८ मध्ये शहराने जास्त वेगाने उतरणाऱ्या जेटवर बंदी घालून पाहिली. धावपट्टीच्या टोकाला मोकळी जागा नाही, पुढे लगेच घरे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. २०११ मध्ये अपील न्यायालयाने तीही फेटाळली. २९ सप्टेंबर २०१३ रोजी एक जेट उतरल्यावर धावपट्टी सोडून हँगरवर आदळले आणि आतले चौघे गेले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एफएएचे म्हणणे असे की विमानतळ एकटे नसते, ते जाळ्यातली एक गाठ असते. एका श्रीमंत गावाने जेट हाकलले तर ती शेजारच्या गावावर जातील. अनुदानाचा पैसा देशभरच्या प्रवाशांचा आहे, तो घेऊन दार लावता येणार नाही. वैमानिक म्हणतात की भूकंप किंवा वणवा आला की अशीच विमानतळे कामी येतात. या युक्तिवादात तथ्य आहे. भाचीच्या घरी बसून मात्र तो पटायला जड जातो.

बुलडोझर आणि करार

शिकागोच्या महापौरांनी वेगळा मार्ग धरला. ३० मार्च २००३ च्या रात्री त्यांनी तळ्याकाठच्या मेग्ज फील्ड विमानतळावर बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. एफएएने कायद्यातला कमाल दंड केला, तो फक्त ३३ हजार डॉलर. शिवाय विमानतळासाठीचा दहा लाख डॉलरचा निधी शहराला परत भरावा लागला. तिथे आज उद्यान आहे. पुढे कायदा बदलून अशा कृत्याचा दंड दिवसागणिक वाढवला गेला.

सँटा मोनिका कागदाच्याच वाटेने गेले. २०१३ मध्ये त्याने १९४८ च्या अटीवर दावा लावला. तो मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला, पण २०१६ मध्ये अपिलात पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात, २०१४ मध्ये, नागरिकांनी मतदानाने ठरवले की विमानतळ बंद झाल्यास तिथे उद्यान, मोकळी जागा आणि खेळाची सोय यांशिवाय दुसरे काही बांधायचे तर पुन्हा मतदान घ्यावे लागेल. सुनावणी तोंडावर असताना जानेवारी २०१७ मध्ये समझोता झाला. नगर परिषदेत तो चार विरुद्ध तीन मतांनी संमत झाला. विमानतळ ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालवायचे आणि त्यानंतर शहराला ते बंद करण्याची मुभा. धावपट्टी मात्र लगेच ४,९७३ फुटांवरून ३,५०० फुटांवर आणता आली आणि डिसेंबर २०१७ मध्ये ती आणली गेली. इतक्या कमी लांबीत मोठ्या जेटना उतरता येत नाही, त्यामुळे त्यांची ये-जा झपाट्याने घटली. जे बंदीला साधले नाही ते लांबी कमी केल्याने साधले.

आपल्या दाराशी

आपल्याकडे विमानतळ शहराचे नसते, पण 'आमच्या जिल्ह्याला विमानतळ' ही हौस तीच आहे. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि धाराशिव ही पाच विमानतळे राज्याच्या औद्योगिक महामंडळाकडून २००९ मध्ये दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी हाती गेली. बहुतेक ठिकाणी नियमित प्रवासी सेवा रुजली नाही. 'उडान' योजनेत कंपनीला तुटीची भरपाई तीन वर्षे मिळते. राज्याने जमीन, सुरक्षा आणि अग्निशमन पुरवायचे असते. तीन वर्षांनंतर काय, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका प्रकल्पासाठी थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या. त्यातले बरेच दस्त मी लिहिले. घरटी एक नोकरी देऊ, असे शेतकऱ्यांना भाषणात सांगितले होते. एका म्हाताऱ्याने मला विचारले, "दादा, ते कागदात आलं ना?" ते आले नव्हते. मी त्याला तसे सांगितले. पण घेणाऱ्या पक्षापुढे उठून बोललो नाही. माझे काम लिहिण्याचे, असे मी मनाला समजावले. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही.

सँटा मोनिकाच्या नागरिकांजवळ निदान कागद होता. तो उलटसुलट वाचता आला, त्यावर वर्षानुवर्षे भांडता आले आणि शेवटी एक तारीख मिळाली. १९४८ चा कागद सरकारने लिहिला होता, पण २००३ च्या दुरुस्तीवरची सही शहराचीच होती. ती करताना मुदत किती वाढते, असे एखाद्या कारकुनाने विचारले असते तर कदाचित नऊ वर्षांचा वाद टळला असता.

म्हणून आपल्या गावात विमानतळाची मोजणी आली, तर पैसा कोणाचा, त्याच्या अटी किती वर्षांच्या, आणि विमान आले नाही तर जमीन कोणाकडे परत जाणार, एवढे लेखी मागून घ्यावे. त्या म्हाताऱ्याने विचारले तेच आता मी माझ्या टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला, सही होण्याआधी, दोन्ही पक्षांसमोर विचारतो.